सपाटीला साळसूद

कोल्हापुरात अशा गाड्या पुष्कळ आहेत, ज्या शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडताना अगदी गुणी असतात. केर्लीपर्यंत त्यांच्याविरुद्ध चकार शब्द काढायला जागा नसते. पुढं चढ लागतो, वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडून गाडी पन्हाळ्याकडं वळते, आणि तिथून बुधवार पेठेपर्यंत ती असे काही हिसके देते की मागच्या सीटवरच्या डब्यातलं पिठलं झाकणाला लागावं. गाडी बंद पडत नाही. पडली असती तर बरं झालं असतं, कारण बंद पडलेल्या गाडीबद्दल निदान ती बंद आहे एवढ्यावर तरी एकमत असतं. ही चालते, पण अडखळत चालते. सोमवारी गॅरेजात नेली की पुन्हा साळसूद. मेस्त्री चावी फिरवतो, दोनदा रेस करतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि ‘कायच न्हाय की ओ’ म्हणत हात पुसतो. मालकाला वाटतं मेस्त्रीला काही कळत नाही, मेस्त्रीला वाटतं मालकाला भास होतात. या दोघांच्या वादात गाडीची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही, आणि माझं म्हणणं असं की गाडीनं आपली बाजू अगदी स्वच्छ मांडलेली असते. चढावर हिसके, सपाटीला नाहीत. इतकी नेमकी जबानी पोलिसांनासुद्धा सहसा मिळत नाही. ती आपल्या कानावरून जाते, कारण ‘काय बिघडलं’ याचं उत्तर आपण घरूनच घेऊन निघालेलो असतो, आणि ‘केव्हा होतं’ हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

घाटात गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडणं ही आपल्याकडं एक सार्वजनिक घटना आहे. तिला आमंत्रण लागत नाही. दोन मिनिटांत चार माणसं जमतात, त्यांतला एकजण दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला असतो, एकजण ज्योतिबाला जाऊन आलेला असतो, आणि चौघांपैकी एकही माणूस ‘काय होतंय?’ असं विचारत नाही. ‘पंप गेलाय भावा, पंप.’ ‘पंप न्हाय, कॉइल हाय. आमच्या मेव्हण्याच्या गाडीला सेम असंच व्हतं.’ मेव्हण्याची गाडी कुठल्या कंपनीची, पेट्रोलची की डिझेलची, आणि ती पुढं बरी झाली का, हे तपशील मेव्हण्याबरोबरच गुलदस्त्यात राहतात. डिझेल गाडीत मुळात ठिणगीनं इंधन पेटतच नाही, ते हवेच्या दाबानं तापून पेटतं, पण ‘प्लग साफ करून घ्या’ हा सल्ला डिझेल गाडीलाही त्याच आपुलकीनं मिळतो. मोरोपंतांचा जन्म 1729 सालचा, याच पन्हाळ्यावरचा. एकशे आठ प्रकारांनी रामायण रचणारा कवी म्हणून त्यांची ख्याती आहे. एका गाडीचं एकच दुखणं एकशे आठ प्रकारांनी सांगणारी माणसं त्याच डोंगराच्या उतारावर भेटावीत, याला परंपरा म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या निदानांत सर्वांत दीर्घायुषी निदान म्हणजे ‘कचरा’. कचरा आलाय. कुठून आला, कुठं अडकला, कसा काढायचा, याबद्दल मतभेद असतील, पण तो आलाय याबद्दल शंका नाही. या निदानाला एके काळी भक्कम आधार होता. पद्मिनी, अॅम्बॅसडर आणि 1983 साली आलेली मारुती 800 यांच्या कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा बारीक तुकडा असे आणि त्याच्या मधोमध सुईच्या अग्रानं पाडावं इतकं भोक. टाकीतला गंजाचा एक कण तिथं येऊन बसला की गाडी अडखळलीच. मग मेस्त्री जेट काढायचा, ओठांपाशी धरून फुंकर मारायचा, उजेडाकडं धरून एका डोळ्यानं आरपार बघायचा आणि परत बसवायचा. गाडी खरोखर सुधारायची. ती फुंकर हा त्या काळातला सर्वांत स्वस्त सुटा भाग होता. पुढं कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, टाकीतल्या पंपाला जाळी आणि वाटेत फिल्टर आला, आणि कचऱ्याची इंजिनापर्यंत पोचण्याची वाट पुष्कळ अवघड झाली. निदान मात्र तेच राहिलं. कचरा अजिबात येत नाही असं कुणी म्हणणार नाही. फिल्टर वर्षानुवर्षं बदलला नाही तर तो तुंबतो, इंजेक्टरच्या तोंडाशी थर बसतात. पण ‘कचरा’ हे उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न टाळण्यासाठी दिलं जातं. कुठल्याही दुखण्याला लागू पडणारं निदान खोटं ठरवता येत नाही, आणि जे खोटं ठरवता येत नाही ते खरं असून तरी काय उपयोग?

आधी उत्तर धरायचं आणि मग शोध थांबवायचा, या सवयीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला पन्हाळ्याच्याच इतिहासात आहे. 1660 साली सिद्दी जौहरनं चार महिने गडाला वेढा घातला होता. जुलैच्या त्या पावसाळी रात्री गडावरून दोन पालख्या निघाल्या. सिद्दीच्या माणसांना एक सापडली, आत शिवाजी महाराजांसारखा दिसणारा माणूस होता, आणि त्यांचा शोध तिथंच संपला. तो शिवा काशीद आहे हे कळेपर्यंत महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले होते. शिवा काशीदचं बलिदान आणि पुढं खिंडीत लढलेले बाजीप्रभू हा आपल्या अभिमानाचा भाग. सिद्दीच्या छावणीकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी, आणि ती गॅरेजात रोज घडते. बॉनेट उघडल्यावर जो भाग आधी मळका दिसला तो गुन्हेगार, त्याच्यापाशी तपास थांबला, बिल झालं, आणि खरा बिघाड दुसऱ्या पालखीतून निघून गेला.

मग चढावरच्या हिसक्यांची ती स्वच्छ जबानी नेमकं काय सांगते? चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असतं तेव्हा एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा ठिणगी पडते, चौघांत मिळून शंभर वेळा. प्लगच्या टोकाशी एक मिलिमीटरच्या आसपास फट असते आणि ती ओलांडायला ठिणगीला हजारो व्होल्ट लागतात. सपाट रस्त्यावर अॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी जाते, आतला दाब कमी असतो, ठिणगी सहज उडी मारते. चढावर पाय खाली जातो, सिलिंडर भरून हवा आत येते, दाब वाढतो, आणि तेवढीच फट ओलांडायला ठिणगीला आता पुष्कळ जास्त व्होल्टेज लागतं. वीज ही मुळात आळशी. तिला दुसरी सोपी वाट सापडली तर ती कशाला त्या फटीतून उडी मारेल? प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर नीट बघितलं तर कधी कधी वरून खाली गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसते. बोटानं पुसली तर पुसली जात नाही. ती विजेनं स्वतःसाठी पाडलेली पायवाट. तिच्या बरोबर समोर, कॉइलच्या रबरी बुटाच्या आतल्या अंगालाही तशीच रेघ असते. सपाटीला ही पायवाट कुणी वापरत नाही. घाटात दाब वाढला की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाहेरच्या बाहेर लोखंडावर उतरते, आणि त्या सिलिंडरमध्ये आलेलं पेट्रोल न पेटताच सायलेन्सरकडं रवाना होतं. पन्हाळ्यावर जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस असतोच, ओलाव्यानं त्या वाटेवरचा प्रवास आणखी सुखाचा होतो. तेव्हा ‘पावसाळ्यात, चढावर, वरच्या गिअरमध्ये’ एवढं मालकानं सांगितलं तरी संशयितांची यादी अर्ध्यावर येते.

आता गॅरेजातली ती परीक्षा बघा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, मेस्त्रीचा हात थ्रॉटलवर, इंजिन चार हजारांवर जाऊन गर्जतंय. ऐकणाऱ्याला वाटतं आता हिच्यात काही खोट असणं शक्य नाही. पण या गर्जनेत ओझं कुठं आहे? आतला दाब जेमतेमच असतो. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको: गॅरेजात रेस करणं म्हणजे नुसता शड्डू ठोकणं, कुस्ती घाटात होते. शड्डूचा आवाज ऐकून खासबागेत कुणी निकाल लावत नाही, गाडीचा मात्र सर्रास लावला जातो.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो तो उंचीचा. ‘वर हवा विरळ असते, इंजिनाला श्वास लागतो,’ असं सांगणारी माणसं शिकलेली असतात, त्यामुळं ती जास्त घातक. उंचीनुसार हवा विरळ होते हे खरंच आहे, पण दर शंभर मीटरला साधारण एक टक्का. कोल्हापूर ते पन्हाळा हा फरक चार-पाच टक्क्यांच्या वर जात नाही. तेवढ्यानं गाडी किंचित मंद होईल, हिसके देणार नाही. शिवाय इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेते आणि पेट्रोल त्या बेतानं सोडते. पण आकड्यांची तरी गरज काय? गाडी नाक्यावर पैसे भरून गडावर शिरते, तबक उद्यानापासून सज्जा कोठीपर्यंत, अंबरखान्यापासून तीन दरवाज्यापर्यंत फिरते आणि एकदाही अडखळत नाही. सगळ्या रस्त्यात उंच जागा तीच. विरळ हवेचा दोष असता तर तिथं गाडीला धाप लागायला हवी होती. ती अडखळली खालच्या चढावर, म्हणजे दोष उंचीचा नाही, ओझ्याचा आहे. हा पुरावा मिळवायला फक्त गडावर पोचल्यावरही गाडीकडं लक्ष ठेवायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष झुणका-भाकरीकडं गेलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त ताजा आणि जास्त गमतीचा आहे: इथेनॉल. देशानं 2025 साली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य गाठलं, आणि तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक ठसक्याचं खापर त्याच्यावर फुटायला लागलं. कोल्हापूर जिल्ह्यात या आरोपाला एक वेगळीच खुमारी आहे. वारणानगरचा साखर कारखाना याच पन्हाळा तालुक्यातला. इथलं इथेनॉल होतं उसापासून, आणि ऊस असतो आरोप करणाऱ्याचाच. सकाळी उसाला दर वाढवून मिळावा म्हणून भांडायचं आणि संध्याकाळी त्याच उसानं गाडीचा घात केला म्हणून हळहळायचं, ही किमया शेतकरी-गाडीमालकालाच साधते. आरोपात तथ्य अजिबात नाही असं नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळं मायलेज थोडं घटतं. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्यांना आणि सीलना ते मानवत नाही. आणि ते पाणी शोषून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, जिथं पंप त्यांची वाटच बघत असतो. पण इथंही ‘केव्हा’ विचारा. पाण्याचा दोष असेल तर तो पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू व्हायला हवा, आणि त्याला केर्लीची सपाटी काय, पन्हाळ्याचा चढ काय, दोन्ही सारखेच. तीन टाक्या पेट्रोल संपूनही हिसके फक्त चढावरच येत असतील तर बिचाऱ्या उसाला सोडून द्यायला हवं. उलट, टाकीत जेमतेम तळाला लागेल एवढं पेट्रोल ठेवून घाट चढणाऱ्यांनी दुसरीच शंका घ्यावी. चढावर उरलंसुरलं पेट्रोल मागं सरकतं आणि पंपाच्या तोंडी अधूनमधून हवा येते. अशा गाडीला मेस्त्री नको, पेट्रोल पंप हवा.

पेट्रोल कमी पडणं आणि ठिणगी चुकणं या दोन्ही गोष्टी चढावरच उघड्या पडतात हे खरं, आणि इथं निदान खरोखर अवघड होतं. तरी दोघांची बोली वेगळी असते. ठिणगी चुकते तेव्हा धक्का झटकन आणि तुटक येतो, वरच्या गिअरमध्ये, इंजिन हळू फिरत असताना आणि पाय खोल दाबला असताना. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप अशक्त झाला असेल तर गाडी आधी काही अंतर नीट ओढते, मग हळूहळू मान टाकते. पाय काढून थोडं थांबलं की पुन्हा ताजीतवानी होते. डिझेल गाड्यांत हा दुसरा प्रकार जास्त. या नियमाला अपवाद निघतात, पण चारचौघांच्या मेव्हण्यांपेक्षा तो बरा. आणि काही हिसके तर इंजिनाचेच नसतात. रविवारी नाक्याच्या रांगेत दोनदोनशे फूट हाफ क्लचवर सरकत राहिलेली गाडी सुटताना थरथरते, तो तापलेल्या क्लचचा राग. चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या स्पीडनं चढ चढवणाऱ्याची गाडी गचके खाते, तो तर गिअर बदलायचा कंटाळा. त्यावर इलाज डाव्या हाताशीच असतो, पण त्याचं बिल होत नाही म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पन्हाळ्याचा खरा उपकार मात्र परतीच्या वाटेवर आहे, आणि त्याचा फायदा जवळजवळ कुणीच घेत नाही. उतारावर गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजेक्शनची गाडी काही वेळ पेट्रोल सोडायचंच थांबवते. चाकं इंजिनाला फिरवत असतात, आत काहीही पेटत नाही. जिथं पेटायचंच नाही तिथं चुकणार काय? म्हणजे चढावर होणारे धक्के अशा उतारावरही होत असतील तर प्लग, कॉइल, इंजेक्टर, पंप, कचरा, ऊस, सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात आणि संशय इंजिनाच्या माउंटिंगवर, शाफ्टवर, चाकांवर जातो. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर डिस्क बघावी. खाली केर्लीपाशी सरळ रस्ता लागल्यावर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग हातात नाचायला लागलं आणि साठवर शांत झालं, तर चाकांचं बॅलन्सिंग. फक्त वळणावर, तेही पाय दाबल्यावर, पुढच्या चाकापाशी कटकट वाजली तर शाफ्टचा जॉइंट. चढ, उतार, वळण आणि सपाटी, हे सगळं वीस-बावीस किलोमीटरांत. मोठमोठ्या गाडी कंपन्या अशा परीक्षेसाठी मुद्दाम ट्रॅक बांधतात. कोल्हापूरकराला तो फुकट मिळालाय आणि तो तिथं कणीस खाऊन परत येतो. (2021 च्या जुलैत अतिवृष्टीनं या रस्त्याचा एक भाग खचला तेव्हा लोकांना वाईट वाटलं ते सहलीचं. शहराची एकमेव प्रामाणिक चाचणी-वाट बंद पडली, याचं दुःख कुणी केलं नाही.)

या परीक्षेला ज्ञान लागतं असं मात्र समजू नये. उलट ज्ञान आड येतं. गाडीतला सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे मागच्या सीटवरची आत्या. तिला कॉइल माहीत नाही, सेन्सर माहीत नाही, त्यामुळं तिच्यापाशी लपवायला सिद्धांत नाही. ती म्हणते, ‘उजवीकडं वळलास की माझ्या पायाखाली कटकट वाजतंय बघ, डाव्या बाजूला.’ बाजू, वेळ, जागा, आवाज, सगळं एका वाक्यात. पुढच्या सीटवर बसलेला भाचा तिला ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गप्प करतो आणि गॅरेजात जाऊन सांगतो की इंजेक्टरचा प्रॉब्लेम वाटतोय.

आता तिसरा आक्षेप, आणि हा मी सर्वांत गंभीरपणे घेतो: ‘हे सगळं जुनं झालं, आता स्कॅनर लावला की गाडी स्वतःच सांगते.’ सांगते खरी, पण काय सांगते ते ऐकायला हवं. गाडीनं स्वतःच दोष नोंदवण्याची ही पद्धत मुळात कॅलिफोर्नियातल्या धुरकट हवेतून जन्मली. अमेरिकेत 1996 पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली आणि आपल्याकडं 2010 नंतर टप्प्याटप्प्यानं आली. तिचा हेतू मालकाची कंबर वाचवणं हा नव्हताच, हवा वाचवणं हा होता. ती फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर नजर ठेवते. एखादी ठिणगी चुकली की इंजिनाचा वेग एक क्षण किंचित पडतो, तेवढ्यावरून ती हिशेब करते आणि कोड लिहून ठेवते. पी-0303 म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये चुकतंय. का चुकतंय, ते नाही. तिथला प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर की व्हॉल्व्ह, पाचांपैकी कुणीही असेल. पी-0300 तर त्याहून मोघम: कुठंतरी, कधीतरी चुकतंय. हे म्हणजे मालक जे बोलत होता तेच इंग्रजीत. त्यात एक गंमत अशी की चाकं खड्ड्यांतून आपटत जातात तेव्हाही इंजिनाचा वेग असाच डचमळतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत रस्ता फार खडबडीत आहे असं वाटलं की कॉम्प्युटर ही मोजणीच तेवढ्यापुरती थांबवतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या काही रस्त्यांवर त्याला किती वेळ कामावर राहता येत असेल हा विचार करण्यासारखा विषय आहे. स्कॅनर उपयोगाचा आहे, फार उपयोगाचा आहे, पण तो बोट दाखवतो, कारण सांगत नाही. आणि त्याची एक सूचना तर फुकट मिळते तरी वापरली जात नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागला तर सवडीनं गॅरेज गाठावं. तो लुकलुकायला लागला तर न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळायला निघालंय, ताबडतोब पाय काढावा. हा भाग गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक. लोक काय करतात? त्या दिव्यावर देवाचं स्टिकर लावतात.

यावर अनुभवी मेस्त्रीचं नाव पुढं येतं. शिवाजी उद्यमनगरच्या या गावात, जिथं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून इंजिनांचे ओतीव भाग बाहेर जातात, जिथं दर दुसऱ्या घरातल्या कुणाचे तरी हात लोखंडाला लागलेले आहेत, तिथं नुसत्या कानानं दुखणं ओळखणारी माणसं आहेत हे मी नाकारत नाही. पण त्यांचं कसब बघायचं तर ते काय सांगतात याकडं बघू नये, ते काय विचारतात याकडं बघावं. ‘गार असताना का गरम झाल्यावर?’ ‘एसी चालू होता?’ ‘पाय दाबल्यावर का सोडल्यावर?’ ‘पाऊस होता?’ अशा चार प्रश्नांनंतर ते बॉनेटला हात लावतात आणि म्हणून त्यांचा हात बरोबर जागी जातो. मग पहिल्या सिलिंडरचं कॉइल काढून तिसऱ्याला आणि तिसऱ्याचं पहिल्याला लावतात, मालकाला एक चक्कर मारून यायला सांगतात. दुखणं कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल दोषी, जागेवरच राहिलं तर निर्दोष. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, पुरावा पक्का. अशा मेस्त्रीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध, ज्यांनी त्याचा आत्मविश्वास उचलला आणि प्रश्न तिथंच ठेवले.

राहता राहिला व्यवहारी माणसाचा आक्षेप: एकेक पार्ट बदलत गेलं की कधी ना कधी गाडी सुधारतेच की. सुधारते. प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ, मग थ्रॉटल बॉडी साफ, मग पंप, आणि पाचव्या खेपेला गाडी नीट चालली तर श्रेय पंपाला. पण पंप बसवताना टाकीजवळचा सैल कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला होता, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि आधीच्या चार खेपांत एखादा नवा पार्टच सदोष निघाला तर एका दुखण्याची दोन होतात. शिवाय काढलेले जुने पार्ट नीट होते हे आता सिद्ध झालेलं असतं, तरी ते परत घातले जात नाहीत. ते कागदात गुंडाळून डिकीत ठेवले जातात, मालक फसवला गेला नाही याचा पुरावा म्हणून. प्रत्यक्षात तो उलट बाजूचा पुरावा असतो.

तेव्हा ज्यांना हिसके घाटातच बसतात त्यांनी मेस्त्रीला घाटात न्यावं, एवढी साधी मागणी आहे. यात अडचणी आहेत, त्या मला कळतात. मेस्त्रीचा अर्धा दिवस जातो, त्याच्या गॅरेजात तोवर तीन गाड्या येऊन थांबतात, आणि रविवारी नेला तर नाक्याच्या रांगेतच सगळा वेळ जाऊन क्लचचं नवं दुखणं घेऊन परत यावं लागेल. तेव्हा मंगळवार किंवा बुधवार बघावा, सकाळी लवकर निघावं. मेस्त्रीला शेजारी बसवावं आणि गाडी मालकानं चालवावी, कारण हिसके त्याच्याच पायाखाली येतात. आत्या मोकळी असेल तर तिला मागं घ्यावं. वर पोचल्यावर झुणका-भाकरीचं बिल मालकानं द्यावं. खर्डा मेस्त्री स्वतःच मागून घेतो.